मोठी बंदूक, छोटं काडतूस

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षातील गणेशोत्सवात आपल्या हॉलमध्ये झालेल्या व्याख्यानाचा मजकूर. वक्ते आपल्याच सोसायटीचे ज्येष्ठ सभासद असून सैन्यातून आर्मरर म्हणून निवृत्त झाले आहेत. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे. – संपादक मंडळ)



गेली पंचवीस वर्षं या हॉलमध्ये आपण आरोग्यावर ऐकलं, गुंतवणुकीवर ऐकलं आणि पाण्याच्या टाकीवर तर दर मीटिंगला ऐकतोच. या वेळी सेक्रेटरी साहेब म्हणाले, "काका, तुम्ही आयुष्यभर बंदुका उघडल्या आणि जोडल्या, त्यावर बोला." मी म्हटलं बोलतो, पण लढाईच्या गोष्टी सांगणारे माझ्यापेक्षा मोठे लोक या सोसायटीत आहेत. देवळालीच्या तोफांचा आवाज ऐकत निम्मं नाशिक मोठं झालंय. मी आपला दुरुस्तीवाला माणूस. म्हणून दुरुस्तीवाल्याच्या नजरेला दिसणारा विषय घेतो: मोठ्या बंदुकीतून छोटं काडतूस उडवण्याची युक्ती. ती कशासाठी निघाली, तिनं काय साधलं आणि तिच्यामुळे माणूस कुठे फसतो, एवढं सांगतो. शेवटी आपल्या घरांशी आणि आपल्या मुलांशी संबंध असलेल्या दोन गोष्टी आहेत, तेव्हा मधेच उठू नका. चहा शेवटीच आहे.

सुरुवात आपल्या माणसापासून करतो. नाईक यशवंत घाडगे. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातले. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये होते. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, त्यांच्या सेक्शनवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. सगळे जवान पडले, एकटे घाडगे उरले. ते तसेच धावून गेले. ग्रेनेड टाकून मशीनगन आणि ती चालवणारा बंद पाडला. हातात टॉमीगन होती, तिनं आणखी एकाला टिपलं. मग मॅगझिन संपलं. नवं लावायला वेळ नव्हता. त्यांनी टॉमीगन नळीकडून धरली आणि दस्त्यानं उरलेल्या दोघांशी झुंजले. ठाणं घेतलं आणि तिथेच शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्यांनी त्यांना वीरमरण आलं. वय अवघं बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावात त्यांचा पुतळा आहे. कोकणात जाताना गाडी थांबवून जरूर बघा.

घाडग्यांचं शौर्य हे शौर्यच, त्यावर माझ्यासारख्यानं बोलू नये. पण आर्मररच्या डोक्यात दुसराही हिशेब चालू असतो. टॉमीगन म्हणजे थॉम्पसन सबमशीनगन. पिस्तुलाचं काडतूस, पण चाप दाबून धरला की गोळ्या सुटतच राहतात. मिनिटाला सुमारे सहाशे ते सातशे हा वेग. मॅगझिन वीस किंवा तीस गोळ्यांचं. आता पोरांनो, भागाकार करा. सेकंदाला दहा-बारा गोळ्या, म्हणजे वीसचं मॅगझिन किती वेळात रिकामं? बरोबर, दोन सेकंदांत! तुम्ही "गणपती बाप्पा मोरया" म्हणेपर्यंत हत्याराची काठी झालेली असते.

म्हणून असल्या हत्याराचं खरं शिक्षण एकाच गोष्टीत आहे: चापावरचं बोट. दाबायचं, लगेच सोडायचं, दोन-तीन गोळ्या गेल्या की थांबायचं, किती गेल्या ते मनात मोजायचं. पुस्तक वाचून हे येत नाही. हार्मोनियमसारखं आहे, बोटाला सवय लागावी लागते. आणि सवय लागायची तर हजारो वेळा करावं लागतं.

इथेच अडचण सुरू होते. टॉमीगनची एक गोळी साधारण १५ ग्रॅम शिशाची. ती उडवायला दारू, पितळेची पुंगळी, वर टोपी. हजार गोळ्या म्हणजे केवढा खर्च बघा. शिवाय मोठी चांदमारी हवी, मागे मातीचा उंच बांध हवा. आवाज एवढा की नवा रंगरूट गोळी सुटायच्या आधीच डोळे मिटतो. आणि प्रत्येक गोळीनं हत्यार झिजतं. शिकवणाऱ्यांना उत्तर हवं होतं: हत्यार तेच राहावं, वजन तेच, चाप तोच, पण गोळी स्वस्त आणि हलकी असावी.

ही कल्पना सबमशीनगनच्याही आधीची आहे. १८८० च्या दशकात इंग्लंडमध्ये 'मॉरिस ट्यूब' निघाली. सैनिकाच्या मोठ्या रायफलीच्या नळीत एक बारीक नळी सरकवायची आणि छोट्या काडतुसानं थोड्या अंतरावर सराव करायचा. पुढे १८९९ ते १९०२ च्या बोअर युद्धात शेतकरी बोअरांच्या अचूक नेमापुढे इंग्रजी फौजेची फजिती झाली. त्यानंतर लॉर्ड रॉबर्ट्स, जे आधी हिंदुस्थानातल्या फौजेचेही सरसेनापती होते, त्यांच्या पाठिंब्यानं तिकडे गावोगाव छोट्या काडतुसाचे नेमबाजी क्लब उभे राहिले. जुन्या रायफलींना पॉइंट टू-टू (.२२) ची नळी बसवली गेली. जर्मनीत एर्मा कंपनीनं माउझर रायफलीत सरकवायची नळी काढली. अमेरिकन सैन्यानं पुढे एम-१६ रायफलीसाठीही .२२ चा संच वापरला. इस्रायलच्या उझी सबमशीनगनसाठी असेच संच निघाले. यालाच आता 'कन्व्हर्जन किट' म्हणतात. तोफखान्यातही हीच रीत आहे. मोठ्या तोफेच्या नळीत लहान नळी बसवून सराव करता येतो, आपल्या देवळालीकर मंडळींना हे नवीन नाही.

आता हे छोटं काडतूस म्हणजे काय ते सांगतो. नेहमीच्या काडतुसाच्या बुडाशी मधोमध एक छोटी टोपी असते. फायरिंग पिन तिच्यावर आदळली की ठिणगी पडते. .२२ मध्ये अशी वेगळी टोपी नसते. बुडाची जी बाहेर आलेली कड आहे, तिच्या आतल्या पोकळीतच तो मसाला भरलेला असतो. पिन कडेवर आदळते, कड चेपते, मसाला पेटतो. कड म्हणजे रिम, म्हणून नाव 'रिमफायर'. बनवायला सोपं आणि स्वस्त. एकदा चेपलं की मात्र पुंगळी पुन्हा भरता येत नाही. आज जगभर वापरतात ते '.२२ लाँग रायफल' काडतूस १८८७ सालचं, अमेरिकेतल्या स्टीव्हन्स कंपनीचं. गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची. टॉमीगनच्या गोळीच्या तुलनेत जोर साधारण पाव.

हा पाव जोरच सगळं अवघड करतो. टॉमीगन, स्टेनगन, आपली ९ मिलिमीटरची कार्बाइन ही सगळी हत्यारं गोळीच्या उलट्या धक्क्यावर चालतात. धक्का बोल्टला मागे ढकलतो, पुंगळी बाहेर पडते, स्प्रिंग बोल्टला पुढे आणते, येताना पुढचं काडतूस घेऊन येते. बोल्ट जड असतो आणि तो मोठ्या काडतुसाच्या हिशेबानं जड ठेवलेला असतो. .२२ च्या धक्क्यानं तो ढिम्म हलणार नाही. बैलगाडीला शेळी जुंपल्यासारखं! म्हणून अशा संचात नुसती बारीक नळी भागत नाही. बोल्ट वेगळा, मॅगझिन वेगळं, पिनेचा मार कडेवर बसावा अशी रचना वेगळी. संच म्हणजे बाहेरचं अंग तेच ठेवून आतला जीव बदलणं. हे कारखान्याचं आणि परवानाधारक तज्ज्ञांचं काम आहे.

एवढं करूनही कुरबुरी असतातच. बुडाची कड मॅगझिनमध्ये दुसऱ्या काडतुसाच्या कडेत अडकते. उघड्या शिशाची गोळी असल्यामुळे मेण आणि काजळी साचते. मसाला कडेत सगळीकडे सारखा पसरला नसेल तर काडतूस फुसकं निघतं. म्हणजे हत्यार मधेच अडतं. आपल्या फौजी मंडळींना 'रोक' आणि 'फौरी इलाज' हे शब्द आठवत असतील. खरं सांगतो, उस्तादाला ही अडचण आवडते. स्वस्तातल्या गोळीवर पोरगं अडलेलं हत्यार शांतपणे मोकळं करायला शिकलं, तर पुढे ते घाबरत नाही.

पण छोटं काडतूस सगळं शिकवत नाही. धक्काच नाही म्हटल्यावर खांदा सैल राहिला तरी चालून जातं. मग मोठं काडतूस हातात आलं की नळी वर उडते आणि गोळ्या आभाळात. हा दोष लोकांना लवकर कळला होता. १९३० च्या दशकात कोल्ट कंपनीच्या .२२ पिस्तुलात डेव्हिड मार्शल विल्यम्स यांची 'तरंगती चेंबर' आली. छोट्या काडतुसाचा धक्का मुद्दाम वाढवून हाताला मोठ्या पिस्तुलासारखा जाणवावा, एवढ्यासाठी हा खटाटोप. विचार करा, आधी धक्का नको म्हणून छोटं काडतूस घेतलं आणि मग धक्का हवा म्हणून यंत्र बसवलं! शिक्षणात सोपं करायला मर्यादा असते, ती अशी.

याहून मोठा धोका मनाचा आहे. नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत एनसीसीच्या कॅम्पवर हत्यारं सांभाळण्याचं काम माझ्याकडे होतं. एनसीसी १९४८ च्या कायद्यानं सुरू झाली आणि कॅडेटचा नेम घडला तो .२२ वरच. त्यातली जुनी रायफल म्हणजे ली-एन्फिल्डचंच .२२ रूप. दिसायला अगदी ३०३ ची बहीण. एका वेळी एकच काडतूस भरायचं आणि मॅगझिनच्या रिकाम्या डबीत चालवलेल्या पुंगळ्या पडायच्या. २५ यार्डांवर पाच गोळ्यांचा ग्रुप. पोरं-पोरी पहिल्यांदा आडव्या पडायच्या तेव्हा हात थरथरायचे. पहिली गोळी सुटली की एक बारकं 'टक्'. बस, भीती गेली! आणि भीती गेली की दुसऱ्याच मिनिटाला एखादा कॅडेट रायफल हातात घेऊन मागे वळायचा, "सर, लागली का?" नळी सगळ्या रांगेवरून फिरायची. उस्ताद काय ओरडायचा ते इथे देवासमोर सांगता येणार नाही.

मुद्दा लक्षात आला ना? ३०३ हातात घेऊन कुणी असा वळत नाही. .२२ चा आवाज बारीक, धक्का नाही, म्हणून ते खेळणं वाटतं. परदेशी काडतुसांच्या डब्यांवर दीड मैलापर्यंत धोका असल्याचा इशारा छापलेला असतो. दीड मैल म्हणजे जवळजवळ अडीच किलोमीटर. आपल्या गच्चीवरून मोजून बघा, किती घरं त्यात येतात. म्हणून माझं सांगणं एवढंच: छोट्या काडतुसावर शिकताना वागायचं मोठ्या बंदुकीसारखं. नळी कायम समोर, हत्यार कायम भरलेलं आहे असंच समजायचं, बोट चापाबाहेर. ही सवय लागली तर युक्ती सफल झाली. ती लागली नाही तर हजार गोळ्या उडवूनही शिकवलं काय, तर निष्काळजीपणा.

आता कायद्याकडे येतो, कारण हल्ली मोबाईलवर अमेरिकेतले व्हिडिओ फिरतात. कुणी काका जुनी टॉमीगन नाही तर उझी घेऊन .२२ ची किट बसवून मजेत उडवताना दिसतात. तिकडची गोष्ट अशी की १९८६ च्या कायद्यानं सामान्य माणसासाठी नव्या मशीनगनची नोंदणी बंद झाली. १९ मे १९८६ च्या आधी नोंदलेल्या तेवढ्याच खरेदी-विक्रीत राहिल्या. त्यामुळे त्यांच्या किमती आभाळाला भिडल्या. मूळ भाग झिजू नयेत आणि गोळ्यांचा खर्च वाचावा म्हणून संग्राहक .२२ वापरतात. जुनी पैठणी जपून नेसावी तसा प्रकार.

आपल्याकडे हा विषयच संपतो. १९५९ च्या शस्त्र कायद्यात निषिद्ध शस्त्राची व्याख्या आहे. चाप दाबून धरला असता तो सोडेपर्यंत किंवा मॅगझिन रिकामं होईपर्यंत गोळ्या सुटत राहतात, असं बनवलेलं किंवा तसं केलेलं हत्यार. यात गोळीच्या आकाराचा शब्द नाही. म्हणजे टॉमीगनमध्ये .२२ टाकलं तरी ती कायद्यानं टॉमीगनच. केंद्र सरकारच्या खास परवानगीशिवाय ती जवळ ठेवता येत नाही. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा शस्त्रासाठी शिक्षा किमान सात वर्षांची आहे. हत्याराचे सुटे भागही कायद्याच्या व्याख्येत हत्यारच आहेत आणि हत्यारात बदल करणं हे परवान्याचं काम आहे. तेव्हा "फक्त किट मागवतोय, बंदूक कुठे मागवतोय" असं कुणी तरुण म्हणाला, तर त्याला आधी घरात बसवा आणि चहा पाजून समजावा.

आता आपल्या घरांशी संबंधित पहिली गोष्ट. आपली सोसायटी पंचवीस वर्षांची झाली. तेव्हाचे चाळिशीचे सभासद आज पासष्टीत आहेत. काही घरांत वडिलांची किंवा आजोबांची शेतावरची बारा बोअर, एखादी जुनी .२२ रायफल परवान्यासह आहे. काही ठिकाणी परवान्यावरचे गृहस्थ गेले आणि हत्यार कपाटावर तसंच राहिलं. दरवेळी निवडणुकीत पोलीस ठाण्यात जमा व्हायचं, ते आता कुणाच्या लक्षातही नाही. हे चालत नाही. परवाना ज्याच्या नावावर, हत्यार त्याचंच. तो माणूस गेला किंवा परवान्याची मुदत संपली, की विलंब न करता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे ते जमा करायचं आणि पावती घ्यायची. जमा केलं म्हणजे गेलं, असं नसतं. वारसाला आपल्या नावावर परवाना मागता येतो. नाशिक शहरात पोलीस आयुक्तालयाकडे, ग्रामीण भागात जिल्हाधिकारी कार्यालयाकडे अर्ज करावा. आणखी एक सांगतो. २०१६ च्या शस्त्र नियमांत अशी सोय आहे की परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा हत्यार बाळगून पंचवीस वर्षं झाली, तर तो हयात असतानाच वारसासाठी अर्ज करता येतो. आपली पंचवीस वर्षं झालीच आहेत, तेव्हा कपाट उघडून कागद बघून घ्या. २०१९ पासून एका माणसाला जास्तीत जास्त दोनच हत्यारं ठेवता येतात, हेही लक्षात असू द्या.

दुसरी गोष्ट मुलांची, आणि ही आनंदाची. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये स्वप्नील कुसाळे यानं ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ पदक मिळवलं. गुडघ्यावर, पालथं झोपून आणि उभं राहून अशी तीन प्रकारे नेमबाजी. अंतिम फेरीत ४५१.४ गुण. मुलगा कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा, पण नेमबाजीचे धडे गिरवले ते आपल्या नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत. १९५२ साली हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी ब्राँझ आणलं. त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळायला बहात्तर वर्षं लागली. आणि हे पदक कोणत्या काडतुसावर आलं? याच अडीच ग्रॅमच्या .२२ रिमफायरवर! २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेती झालेली कोल्हापूरची तेजस्विनी सावंत याच काडतुसावर. अंजली भागवत तर एनसीसीमधूनच नेमबाजीत आल्या.

बघा, सैनिकाला स्वस्तात शिकवण्यासाठी जे काडतूस मोठ्या बंदुकीत घातलं गेलं, त्याचा पुढे स्वतंत्र खेळ झाला. स्वप्नीलच्या स्पर्धेत एकेका गोळीला वेळ घ्यायचा, श्वास धरायचा, बोट हळूच दाबायचं. टॉमीगनच्या अगदी उलट वाटतं. पण शिकायचं तेच आहे, चापावरचं बोट आपल्या ताब्यात ठेवणं.

म्हणून आई-वडिलांना विनंती. मुलानं किंवा मुलीनं नेमबाजी शिकायची म्हटलं तर "बंदूक नको गं बाई" म्हणून उडवून लावू नका. आधी १० मीटरची एअर रायफल, मान्यताप्राप्त रेंज, प्रशिक्षक समोर. शाळा-कॉलेजात एनसीसी असेल तर नाव घाला. पहिल्या दिवशी तुम्ही स्वतः रेंजवर जा आणि एकच गोष्ट बघा. मुलगा वळताना नळी कुठे फिरते आणि त्याला कुणी टोकतं का? टोकत असतील तर ठिकाण चांगलं आहे, मुलाला खुशाल पाठवा.

आणि ज्यांच्या कपाटावर जुनं हत्यार आहे त्यांच्यासाठी: परवान्याचे कागद कसे लावायचे यात मदत लागली, तर मी संध्याकाळी साडेसहानंतर पार्किंगजवळच्या बाकावर असतो. कागद घेऊन या. हत्यार मात्र घेऊन येऊ नका, ते सरळ ठाण्यात न्यायचं.

सेक्रेटरी साहेब घड्याळ दाखवतायत. थांबतो. गणपती बाप्पा मोरया!